शेताचा बांध आणि परिसंस्था सेवा : कनेरगाव नाका परिसरातील शेतीप्रधान भूदृश्याचा अभ्यास

गोषवारा

उष्णकटिबंधीय प्रदेशातील जैवविविधतेचा विचार बहुधा अभयारण्ये व राखीव वने यांच्या संदर्भात केला जातो. हिंगोली जिल्ह्यासारख्या वनक्षेत्र अत्यल्प असलेल्या आणि बहुतांश जमीन लागवडीखाली असलेल्या भागात मात्र जैवविविधता शेताचे बांध, ओढ्यांचे काठ, गायराने आणि विहिरीजवळची झाडे यांच्या आश्रयाने टिकून असते. परागीभवन, किडींचे नैसर्गिक नियंत्रण, मृद्संधारण व जलसंधारण या सेवा शेतीला याच अवशिष्ट जागांतून मिळतात. प्रस्तुत लेखात कनेरगाव नाका परिसराच्या संदर्भात या सेवांची कार्यपद्धती स्पष्ट केली असून, बांध राखण्याचा भार शेतकऱ्यांवर कसा विभागला जातो याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : जैवविविधता, परिसंस्था सेवा, बांध, परागीभवन, मित्रकीटक, गायरान

प्रस्तावना

कनेरगाव नाका हे हिंगोली तालुक्यातील, हिंगोली-वाशिम मार्गावरील गाव होय. अकोला-पूर्णा लोहमार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे. गावाजवळून पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की वाशिम जिल्हा, म्हणजेच विदर्भ सुरू होतो. पूर्वी निजामाचे हैदराबाद संस्थान आणि इंग्रजांच्या अंमलाखालील वऱ्हाड यांची सीमा या भागातून जात असे. गावाच्या नावातील ‘नाका’ हा शब्द त्या सीमेची आठवण करून देतो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. आज ही सीमा केवळ प्रशासकीय उरली असली, तरी बोलीत तिच्या खुणा आढळतात. नदीपलीकडे सामाईक चराऊ जमिनीस ‘ई-क्लास’ म्हणतात, अलीकडे ‘गायरान’ म्हणतात. शेताच्या बांधाला मात्र दोन्ही बाजूंस ‘धुरा’ हाच शब्द ऐकू येतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच बांध अथवा धुरा आहे. महसुली दृष्टीने तो दोन धारणांमधील हद्द आहे आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने वाट, वैरण, सरपण व पुष्कळदा तंटा यांची जागा आहे. परिसंस्थेच्या दृष्टीने तो शेतातील एकमेव न नांगरलेला पट्टा असतो आणि या एका वैशिष्ट्यामुळे त्याचे महत्त्व त्याच्या क्षेत्रफळाच्या कितीतरी पट अधिक ठरते.

परिसराचे स्वरूप व झालेले बदल

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन, सरासरी सुमारे ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, ही या परिसराची नैसर्गिक चौकट होय. कोरडवाहू खरिपात पूर्वी ज्वारीचे प्राबल्य होते. ज्वारीच्या पाट्यांमध्ये तूर, मूग, उडीद, तीळ, अंबाडी यांचे तास असत. रब्बीत करडई, जवस, हरभरा व गहू ही पिके घेतली जात. गेल्या काही दशकांत या मिश्र पद्धतीची जागा प्रामुख्याने सोयाबीनने घेतली. तूर आंतरपीक म्हणून टिकून आहे, तर जेथे पाण्याची सोय झाली तेथे हळदीचे क्षेत्र वाढले. याच जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

या बदलाने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. परंतु त्यासोबत भूदृश्याची घडणही बदलली. सुमारे शंभर ते एकशे दहा दिवसांत निघणारे सोयाबीन दूरवर एकाच वेळी पेरले जाते, एकाच वेळी फुलते आणि एकाच वेळी काढले जाते. तीळ, अंबाडी, जवस, करडई यांसारखी वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी पिके कमी झाली. ट्रॅक्टर व कापणीयंत्र वळविण्यास अडथळा होतो म्हणून बांधावरील बाभळी व बोरी तोडल्या गेल्या. हळद शिजविण्यासाठी लागणाऱ्या सरपणाचीही त्यात भर पडली. वाटणीगणिक बांधांची संख्या वाढली, पण दोन्ही बाजूंनी कोरले जाऊन ते अरुंद झाले. खुरपणीची मजुरी परवडत नसल्याने तणनाशकाची फवारणी बांधापर्यंत पोहोचली. यांपैकी प्रत्येक निर्णय त्या त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सयुक्तिक आहे. तथापि, सर्वांचा एकत्रित परिणाम कोणीही ठरवून केलेला नसताना संपूर्ण शिवारावर झाला आहे.

परिसंस्था सेवा : संकल्पना

निसर्गातील सजीव व त्यांच्यातील परस्परसंबंध यांपासून मानवाला जे लाभ होतात त्यांना परिसंस्था सेवा म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने या सेवांचे चार गट केले : अन्न, चारा, लाकूड इत्यादी पुरवठा सेवा, परागीभवन, कीडनियंत्रण, जलनियमन इत्यादी नियामक सेवा, सांस्कृतिक सेवा, आणि मातीची निर्मिती, अन्नद्रव्यांचे चक्रीकरण इत्यादी आधारभूत सेवा.

शेती ही पुरवठा सेवा वाढविण्याची व्यवस्था आहे. ती वाढविताना नियामक व आधारभूत सेवा खर्ची पडल्या, तर त्यांची भरपाई खते, कीटकनाशके व इंधन यांच्या रूपाने विकत घ्यावी लागते. म्हणून शेतीतील जैवविविधतेचा प्रश्न शेतीच्या उत्पादनखर्चाशीही थेट निगडित आहे.

परागीभवन : बारमाही आहाराचा प्रश्न

सोयाबीन हे प्रामुख्याने स्वपरागीत पीक आहे आणि हळदीची लागवड कंदांपासून होते. त्यामुळे या परिसरात मधमाश्यांवाचून काही अडत नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र भोपळा, दोडका, काकडी, कारली यांसारख्या वेलवर्गीय पिकांत नर व मादी फुले वेगवेगळी असतात. कीटकांनी परागकण वाहून नेले नाहीत तर तेथे फळच धरत नाही. सूर्यफूल व करडई यांचे दाणे भरण्यासही मधमाश्यांची मदत होते. वाशिम, बुलडाणा व जालना या जिल्ह्यांत चालणाऱ्या कांदा बीजोत्पादनात कांद्याच्या एकाच फुलातील पुंकेसर आधी पक्व होतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे बी धरणे हे जवळजवळ सर्वस्वी कीटकांवर अवलंबून असते.

तुरीचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. तुरीच्या फुलातील पुंकेसर व स्त्रीकेसर पाकळ्यांच्या होडीसारख्या आवरणात बंदिस्त असतात. कळी उमलण्यापूर्वीच स्वपरागीभवन बऱ्याच अंशी घडते, म्हणून तूर पूर्णतः कीटकांवर अवलंबून नाही. परंतु पानकापी माश्या, भुंगे व आग्या माश्या फुलावर बसल्या की त्यांच्या भाराने ते आवरण दबते आणि परागकणांची देवघेव होते. या परपरागीभवनाचे प्रमाण ठिकाणानुसार बरेच बदलते. इक्रिसॅट या संस्थेने तुरीचा संकरित वाण विकसित करताना संकरित बियाण्यासाठी कीटकांच्या याच सवयीचा उपयोग करून घेतला. मध्य प्रदेशात २०१० मध्ये प्रसारित झालेला ‘आयसीपीएच २६७१’ हा वाण त्याचे फलित होय.

येथे बांधाचा संबंध येतो तो असा. तूर फुलते ती साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास दीड-दोन महिने, परंतु मधमाश्यांना आहार लागतो बारा महिने. तो त्यांना बांधावर मिळतो. फाल्गुनात पळस, चैत्रात कडुनिंब, त्यामागोमाग करंज, पावसाळ्यात बाभूळ, भाद्रपद-आश्विनात बोर आणि वर्षाचा बराच काळ तरवड व एकदांडी अशी ही फुलांची साखळी आहे. तिच्यातील एखादाच दुवा निखळला तरी उपासमारीचा काळ निर्माण होतो आणि तूर फुलते तेव्हा तिच्यावर येणारे कीटक उरलेले नसतात. शिवाय अनेक एकाकी माश्या न नांगरलेल्या जमिनीत बिळे करून अंडी घालतात, तर भुंगे वाळलेल्या लाकडात घर करतात. वखरलेल्या रानात या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. आग्या माश्या अन्नासाठी काही किलोमीटर अंतर कापू शकतात, परंतु लहान एकाकी माश्यांचा वावर सहसा काही शे मीटरपुरताच असतो. त्यामुळे अधिवास शेताच्या जवळ असणे आवश्यक ठरते.

या संदर्भात कोस्टारिकातील एका अभ्यासाचा उल्लेख आवश्यक आहे. टेलर रिकेट्स व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, वनाच्या तुकड्यांपासून सुमारे एक किलोमीटरच्या आत असलेल्या कॉफीच्या झाडांचे उत्पादन रानटी परागवाहकांमुळे सुमारे २० टक्क्यांनी अधिक होते. एका मळ्यापुरते या सेवेचे मूल्य वर्षाला सुमारे ६०,००० डॉलर भरले. कॉफीचा मळा व कोरडवाहू तुरीचे शेत यांत महदंतर असल्याने हे आकडे येथे लागू करता येणार नाहीत. परंतु पिकालगतच्या पडीक वाटणाऱ्या तुकड्याचे मूल्य पिकाच्या उत्पन्नातून मोजता येते, ही पद्धती मात्र सर्वत्र उपयुक्त आहे.

कीडनियंत्रण : न दिसणारे मजूर

तूर व हरभऱ्यावरील घाटेअळी, सोयाबीनवरील चक्रीभुंगा, खोडमाशी व तंबाखूची पाने खाणारी अळी या परिसरातील प्रमुख किडी होत. कोळी, ढालकिडे, क्रायसोपा, प्रार्थना कीटक व परोपजीवी गांधीलमाश्या हे त्यांचे नैसर्गिक शत्रू आहेत. यांपैकी अनेक परोपजीवी कीटकांच्या अळ्या किडीवर जगतात, परंतु प्रौढावस्थेत त्यांना मकरंद लागतो. तो सोयाबीनच्या सलग क्षेत्रापेक्षा बांधावरील रानफुलांवर सहजतेने मिळतो. पीक निघाल्यानंतर आश्रय घेण्याची जागाही बांधच पुरवितो.

पक्ष्यांचे कार्यही असेच आहे. कोतवाल, नीलपंख, साळुंकी व गायबगळे अळ्या टिपतात, परंतु त्यांपैकी कोतवाल व नीलपंख यांसारख्या पक्ष्यांना टेहळणीसाठी उंच जागा लागते. कृषी विद्यापीठे एकात्मिक कीड व्यवस्थापनात शेतात पक्षीथांबे उभारण्याची शिफारस करतात, तसेच हरभऱ्यात ज्वारीचे काही दाणे टाकण्याची रीतही प्रचलित आहे. जेथे बांधावर बाभूळ किंवा कडुनिंब उभा आहे तेथे हा थांबा आयता उपलब्ध असतो. पिंगळा, गव्हाणी घुबड व धामण हे उंदरांवर नियंत्रण ठेवतात.

सोयाबीनमधील एक नैसर्गिक घटना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. श्रावण-भाद्रपदात हवेतील आर्द्रता वाढली की ‘नोमुरिया रिलेयी’ या बुरशीची लागण होऊन अळ्या पानांवरच ताठ होऊन मरतात. त्यांच्या अंगावर प्रथम पांढरा व नंतर फिकट हिरवा थर दिसतो. अनुकूल हवामानात ही साथ किडीची संख्या झपाट्याने खाली आणते. मात्र याच काळात गरज नसताना केलेली बुरशीनाशकाची फवारणी या उपकारक बुरशीसही बाधक ठरते. म्हणजे शेतकरी विनामूल्य मिळणारी सेवा पैसे खर्चून नष्ट करतो, आणि त्यानंतर अळीसाठी पुन्हा कीटकनाशक विकत घेतो.

रसायनांवरील परावलंबनाची परिणती कोठवर जाऊ शकते याचा अनुभव जवळच्याच यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये घेतला. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. नैसर्गिक नियंत्रण ढासळल्याची किंमत केवळ उत्पादनखर्चात मोजता येत नाही, हे या घटनेतून स्पष्ट होते.

माती व पाणी

काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ती पूर्ण भिजल्यावर पाणी मुरण्याचा वेग मंदावतो आणि जोरदार पावसात वरचा सुपीक थर वाहून जातो. मारवेल, पवना यांसारख्या गवतांच्या मुळांनी बांधलेला धुरा वाहत्या पाण्याची गती कमी करतो व गाळ अडवितो. तणनाशकाने उघडा पडलेला बांध मात्र स्वतःच वाहून जाऊ लागतो. ओढ्याकाठचे निरगुडी, करंज, जांभूळ, उंबर यांचे पट्टेही हेच कार्य करतात. जलसंधारणासाठी ओढ्याचे खोलीकरण व रुंदीकरण करताना हे पट्टे काढले गेले, तर पाणी साठण्याची क्षमता वाढते, परंतु काठ ढासळून तोच गाळ पात्रात येतो. खोदकाम व काठचे वनस्पती-आवरण यांचा विचार एकत्र होणे म्हणूनच अगत्याचे आहे.

बांधाचा भार कोणावर?

बांध राखण्याविषयी शेतकऱ्यांचे आक्षेप निराधार नाहीत. झाडाच्या सावलीत पीक खुरटते. बांधावर उंदीरही बिळे करतात, झुडपांच्या आडोशाने रानडुकरे शेतात शिरतात आणि रोह्यांचे कळप एका रात्रीत हरभऱ्याची नासाडी करतात. जैवविविधतेच्या लाभांबरोबर तिच्या तोट्यांचीही नोंद घेतल्याशिवाय कोणतीही शिफारस शेतकऱ्यास विश्वासार्ह वाटणार नाही.

भाराच्या विभागणीचे एक साधे गणित मांडता येते. चौरस आकाराच्या एक हेक्टर शेताची प्रत्येक बाजू १०० मीटर व परिमिती ४०० मीटर असते. चहूबाजूंनी एक मीटर रुंदीचा बांध राखला आणि त्यातील निम्मी जागा शेजाऱ्याची धरली, तर शेतकऱ्याची सुमारे २०० चौरस मीटर, म्हणजे दोन टक्के जमीन बांधाखाली जाते. एक एकर चौरस शेतात हेच प्रमाण तीन टक्क्यांहून थोडे अधिक होते. याचा अर्थ असा की, शेतकरी जितका लहान तितका बांधाचा भार त्याच्यावर प्रमाणाने अधिक पडतो. उलटपक्षी लाभ मात्र सर्वांना मिळतो, कारण एकाच्या बाभळीवरील मधमाशी दुसऱ्याच्या तुरीवर जाते.

याच गणिताची दुसरी बाजूही आहे. एक हेक्टर शेताचा मध्यबिंदू बांधापासून ५० मीटर अंतरावर असतो. मधले बांध मोडून दहा हेक्टरांचे सलग चौरस शेत केले, तर हे अंतर सुमारे १५८ मीटर होते. लहान धारणांचे शिवार हे विकासातील अडचण म्हणून पाहिले जाते. परंतु कमी अंतरावर वावरणाऱ्या मित्रकीटकांच्या दृष्टीने लहान शेते व त्यांचे जाळीदार बांध ही या भूदृश्याची मोठी जमेची बाजू आहे.

उपाययोजना

संवर्धनाच्या अभ्यासात २००५ पासून एक वाद चर्चिला जात आहे. शेती सघन करून उर्वरित जमीन निसर्गासाठी राखून ठेवावी, की शेतीतच निसर्गाला वाटा द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. कनेरगाव नाका परिसरात राखून ठेवण्याजोगे मोठे वन जवळपास नसल्यामुळे येथे दुसरा मार्गच मुख्यतः उपलब्ध आहे. त्या दृष्टीने पुढील उपाय व्यवहार्य ठरू शकतात.

१) सर्व बांधांवर उंच झाडे लावण्याचा आग्रह न धरता, उत्तर-दक्षिण बांधांवर विरळ झाडे आणि इतरत्र गवत व झुडपे अशी विभागणी करावी. उत्तर-दक्षिण ओळीची सावली दिवसभरात दोन्ही बाजूंस सरकत राहते, त्यामुळे एकाच पट्ट्यावर तिचा सततचा भार पडत नाही.

२) बांधावर तणनाशक वापरू नये. गाजरगवतासारखे उपद्रवी तण फुलोऱ्यापूर्वी उपटावे व उर्वरित गवत टप्प्याटप्प्याने कापून वैरणीसाठी वापरावे.

३) सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक (४:२) कायम ठेवावे. सोयाबीन व हळदीच्या कडेने एरंडाची सापळा-झाडे लावावीत. तीळ, करडई, जवस यांचे काही तास पुन्हा घ्यावेत.

४) फवारणीपूर्वी आर्थिक नुकसानीची पातळी पाहावी आणि तूर फुलोऱ्यात असताना अपरिहार्य फवारणी मधमाश्यांचा वावर थांबल्यावर, सायंकाळी करावी.

५) गायराने ही पडीक जमीन न मानता गवताळ परिसंस्था मानावी. वाशिम व अकोला जिल्ह्यांत ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाच्या सहभागाने गवताळ रानांचे व तणमोर या दुर्मीळ पक्ष्याच्या अधिवासाचे संवर्धन केले आहे. गवताळ रानात सरसकट वृक्षलागवड करणे हा त्यावरील उपाय नव्हे, हे या अनुभवावरून ध्यानात येते.

६) बांधाच्या भाराची भरपाई सार्वजनिक निधीतून व्हावी. कोस्टारिकाने १९९७ पासून वन राखणाऱ्या जमीनधारकांना पर्यावरणीय सेवांचा मोबदला देण्याची योजना राबविली आहे. ग्रामपंचायत पातळीवर, अल्पभूधारकांना अग्रक्रम देऊन, राखलेल्या बांधाच्या लांबीनुसार मोबदला देण्याचा प्रयोग करता येईल.

महाविद्यालयांचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे व तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. या नोंदवहीच्या संकल्पनेस माधव गाडगीळ यांनी भारतात चालना दिली. परंतु नोंदवही एकदा भरून ठेवल्याने तिचा हेतू साध्य होत नाही. तिच्यात दरवर्षी भर पडावी लागते आणि हे काम ग्रामीण महाविद्यालये उत्तम प्रकारे करू शकतात.

वनस्पतिशास्त्र विभागाला निवडक बांधांवरील फुलोऱ्याची मासिक दिनदर्शिका करता येईल. प्राणिशास्त्र विभागाला तुरीच्या फुलोऱ्यात बांधापासून १०, ५० व १०० मीटर अंतरावर ठरावीक दहा मिनिटांत फुलांवर येणाऱ्या कीटकांची गणना करता येईल. भूगोल विभागाला जुने गावनकाशे व उपग्रहचित्रे यांच्या साहाय्याने बांधांची लांबी व वृक्षसंख्या यांतील बदल मोजता येईल. अर्थशास्त्र विभागाला बांध राखलेल्या व न राखलेल्या शेतांच्या फवारणीखर्चाची तुलना करता येईल. गवते, कीटक व पक्षी यांची स्थानिक नावे संकलित करण्याचे काम मराठी विभागाचे आहे. ही नावे जाणणारी पिढी वृद्ध झाली असल्याने हे काम सर्वांत निकडीचे म्हणावे लागेल. या कामांना खर्च अल्प आहे आणि विद्यार्थी बहुधा शेतकरी कुटुंबांतीलच असल्याने निष्कर्ष थेट शेतापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक आहे.

समारोप

कनेरगाव नाका परिसरातील शेतीला मिळणाऱ्या परिसंस्था सेवांचा उगम दूरच्या अभयारण्यात नसून शेतालगतच्या अर्धा-एक मीटर रुंदीच्या पट्ट्यात आहे. हा पट्टा फुलांची बारमाही साखळी, मित्रकीटकांचा आश्रय, पक्ष्यांचा थांबा आणि मातीची आडकाठी अशी चार कामे एकाच वेळी करतो. त्याचा ऱ्हास लहान लहान व्यक्तिगत निर्णयांतून झाला असल्याने त्याची पुनःस्थापनाही केवळ उपदेशाने होणार नाही. बांध राखणाऱ्याचा तोटा प्रामाणिकपणे मोजणे, तो समाजाने वाटून घेणे आणि होणारा लाभ स्थानिक अभ्यासातून सिद्ध करून दाखविणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच पुढच्या वाटणीच्या वेळी धुरा कोरण्याऐवजी राखण्याचा विचार शेतकऱ्याला परवडेल.